अप्पांना पलंगावरून उठव, पण आधी सोनोग्राफी

पत्र: सिस्टर, माझे वडील, अप्पा, 64 वर्षांचे आहेत. सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. दोन खोल्यांच्या घरात भाऊ-वहिनीही असतात; आई घरातच विड्या वळते, अप्पा त्या ओढतात. नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. पाठीत इंजेक्शन दिलं, जाळी बसवली. त्या रात्री लघवीच झाली नाही म्हणून नळी घातली. तिसऱ्या दिवशी नळी काढून घरी सोडलं. तेव्हापासून अर्ध्या-पाऊण तासाला थोडी थोडी होते, धार बारीक आहे, रात्री चार-पाच वेळा उठवतात. आत्या म्हणते, टाके तुटतील, दीड महिना उठू द्यायचं नाही. म्हणून आम्ही पलंगावरच पॉट देतो. सारखी लघवी लागू नये म्हणून ते पाणीच पीत नाहीत. तीन दिवस शौचाला झालेलं नाही. सर्दी-खोकला झालाय, मेडिकलमधून गोळी आणून देतोय. अप्पा रोज विचारतात, ‘लघवीची पिशवी कायमची गेली का गं?’ आणि गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, नंदीध्वजाला (मिरवणुकीतल्या उंच काठीला) हात लावता येईल का, हेही विचारतात. काय सांगू?
– एक मुलगी, विडी घरकुल, सोलापूर

बाळ, आधी उद्या सकाळचं काम सांगते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे अप्पांना घेऊन जा आणि लघवी केल्यानंतर पिशवीत किती शिल्लक राहते, तेवढं सोनोग्राफीत मोजून घ्या. पिशवी भरलेली असताना एकदा बघतात, मग लघवी करून यायला सांगतात आणि पुन्हा बघतात. सुई नाही, दुखणं नाही. दुसऱ्यांदा येणारा आकडा आपल्याला हवाय. तो 50 मिलीच्या आत असेल तर छान. या वयात 100 च्या आसपास असला तरी डॉक्टर सहसा घाबरत नाहीत. 200-300 च्या वर असेल तर मात्र पिशवी रिकामी होत नाहीये, आणि त्याला उपचार लागतो.

एवढी घाई कशासाठी, ते सांगते. तुझ्या पत्रात ‘लघवी होते’ असं आहे. पण अर्ध्या तासाला थोडी थोडी होणं आणि लघवी साफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी काठोकाठ भरली की वरून पाणी सांडत राहतं, तसं पिशवीचंही होतं. आत गच्च भरलेली असते आणि बाहेर थेंब थेंब येत राहतं. घरच्यांना वाटतं, झाली की लघवी.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. सर्जरी वॉर्डात नवी होते, रात्रपाळी होती. हर्नियाच्याच एका आजोबांनी रात्रभरात सात-आठ वेळा पॉट मागितला. दर वेळी दोन-चार चमचे लघवी. मी प्रत्येक वेळी चार्टवर ‘लघवी झाली’ असं लिहीत गेले. पॉटमध्ये किती आहे हे मोजलं नाही, पोटाला हात लावून पाहिलं नाही. पहाटे ते घामाघूम होऊन कण्हायला लागले, तेव्हा बेंबीच्या खाली नारळाएवढा घट्ट गोळा हाताला लागला. नळी घातली तर लिटरभराहून जास्त लघवी निघाली. त्यांची पिशवी पूर्ववत व्हायला पुढे कित्येक दिवस गेले. माझ्या त्या ओळी चार्टवर तशाच राहिल्या, आणि माझ्या डोक्यातूनही गेल्या नाहीत. म्हणून तुला सांगते, आजपासून पॉटमध्ये नुसतं ‘आली’ बघू नकोस, किती आली ते बघ. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण नको, मोठं माप घे. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा पॉट मेडिकलमध्ये मिळतो. वेळ आणि आकडा वहीत लिहून ठेव. आज रात्रीपासूनचे आकडे उद्या डॉक्टरांना दाखव. नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना त्याचा जास्त उपयोग होईल.

आता ‘पिशवी कायमची गेली का?’ या प्रश्नाकडे येते. नळी काढल्यावर लघवी अजिबात बंद झालेली नाही, थोडी का होईना येते आहे. एवढ्यावरून तरी पिशवी गेली असं म्हणता येत नाही.

झालं काय असेल बघ. मोठ्या माणसाच्या लघवीच्या पिशवीत साधारण 400 ते 500 मिली मावते. निम्मी भरायच्या आतच पहिली चाहूल लागते. ती चाहूल पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाच्या नसांतून वर जाते, आणि ‘आता आवळ’ असा हुकूमही त्याच नसांतून खाली येतो. कमरेत दिलेल्या भुलीने या नसा झोपतात, आणि सगळ्यांत शेवटी जाग्या होतात. म्हणजे पाय हलायला लागलेले असतात, माणूस गप्पा मारत असतो, पण पिशवी अजून झोपलेली असते. तोवर सलाइनमधून पाणी जातच असतं. पिशवी भरते, फुगते, आणि माणसाला पत्ताही लागत नाही. इलॅस्टिक जास्त ताणलं की सैल पडतं, तसा पिशवीचा स्नायू एका रात्रीत दमून जातो. इलॅस्टिक परत घट्ट होत नाही, स्नायू मात्र होतो. पण त्याला रिकामं राहायला काही दिवस मिळाले पाहिजेत. पुन्हा पुन्हा तो काठोकाठ भरत राहिला तर सुधारणं लांबतं.

शिवाय अप्पा 64 वर्षांचे. या वयात बऱ्याच पुरुषांची प्रोस्टेटची गाठ, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी असलेली ग्रंथी, थोडीफार वाढलेली असते. ऑपरेशनच्या आधीही रात्री दोनदा उठत होते का, धार बारीक झाली होती का, हे त्यांना एकांतात विचार, किंवा तुझ्या भावाला विचारायला सांग. मुलीसमोर बाप हे बोलणार नाही. उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. गाठीतला आणि पिशवीच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल करणारी गोळी असते. अशा वेळी ती बऱ्याचदा सुरू करतात, आणि नळी काढल्यावर लघवी मोकळी व्हायला तिची मदत होते. ती गोळी घेतल्यावर उठताना चक्कर येऊ शकते, एवढं लक्षात ठेवा. साखरेचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण मधुमेहाने पिशवीच्या नसा मंदावतात. आणि पुन्हा काही दिवस नळी ठेवावी लागली, तर ती हार समजू नका. पिशवीला विश्रांती द्यायचा तो एक मार्ग असतो.

आता ती सर्दीची गोळी. ती आजच बंद कर. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं एक औषध असतं, आणि झोप आणणारं, शिंका थांबवणारं दुसरं. पहिल्याने पिशवीचं तोंड आवळलं जातं, दुसऱ्याने पिशवीचा जोर कमी होतो. म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून अडवणूक. थोडी लघवी होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अशा एका पाकिटाने पूर्ण बंद पडलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की जास्तच. नाकासाठी वाफ द्या. दुखण्याच्या गोळीतही ट्रॅमाडॉल असेल तर त्याने शौच आणि लघवी दोन्ही अडतात. पाकीट सोबत न्या आणि दुसरी गोळी चालेल का ते विचारा.

आत्याबाईंबद्दल. त्या चुकीचं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्या त्यांच्या काळातलं बोलतात. इटलीच्या बासिनी नावाच्या सर्जननी 1880 च्या दशकात हर्नियाची नवी पद्धत काढली, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभर त्याच धर्तीवर ऑपरेशनं झाली. फाटलेल्या जागेचे दोन्ही काठ ओढून एकत्र शिवायचे. काठ ओढलेले, म्हणून ताण. ताण, म्हणून टाका सुटायची भीती. त्या भीतीपोटी माणसाला दोन-तीन आठवडे पलंगाला खिळवून ठेवत. माझ्या वडिलांना मी तसं पडून राहिलेलं पाहिलंय.

अप्पांच्या बाबतीत तसं नाही, आणि ते त्यांना कापडाच्या भाषेत सांग, लगेच कळेल. मागावरून उतरलेल्या चादरीला भोक पडलं आणि कडा ओढून रफू केलं, तर चादर ओढली की तिथेच उसवते. त्याऐवजी मोठा तुकडा सैल बसवला, तर कडांवर ताणच येत नाही. जाळी म्हणजे तो तुकडा. ताण न देता जाळी लावायची ही पद्धत अमेरिकेत लिश्टेनस्टाइन नावाच्या सर्जननी 1980 च्या दशकात रुळवली. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या सुताची ही जाळी विणतानाच डोळे, म्हणजे बारीक भोकं, ठेवून विणलेली असते, आणि त्या डोळ्यांतून शरीराचं मांस वाढून जाळी जागच्या जागी पकडून ठेवतं. चालल्याने, जिना चढल्याने, बाथरूमला गेल्याने ती सुटत नाही. 2018 साली हर्नियाबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. त्यांतही रोजची हालचाल माणसाला जमेल तितक्या लवकर, काही दिवसांतच सुरू करावी असं सांगितलंय. कॅनडात टोरोंटोला शोल्डाइस नावाचे सर्जन तर जाळी यायच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, हर्नियाच्या पेशंटला लगेच चालवत होते.

पलंगावर पडून राहिल्याने टाक्यांचं भलं होत नाही. उलट पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते, छातीत कफ साचतो, आतडी मंदावतात. आणि अप्पांच्या बाबतीत सगळ्यांत मोठं नुकसान लघवीचं होतंय.

इथे एक गोष्ट खरी सांगते, कारण लोक यात घोळ करतात. चालल्याने पिशवीच्या झोपलेल्या नसा जाग्या होत नाहीत. त्या भूल उतरली की आपोआप जाग्या होतात, आणि अप्पांची भूल तर कधीच उतरली आहे. चालण्याचा फायदा दुसरीकडे आहे. आयुष्यभर उभं राहून लघवी केलेल्या पुरुषाला आडवं पडून ती होत नाही. धडधाकट माणसाला होत नाही, तर दमलेल्या पिशवीला कुठून होणार? त्यात तुमचं दोन खोल्यांचं घर. आई शेजारी विड्या वळत बसलेली, सून येतेय-जातेय, आणि अप्पांनी पांघरुणाखाली पॉट धरायचा. जो माणूस बारा-बारा तास मागासमोर उभा राहिला, त्याला हे किती जड जात असेल! लाजेने माणूस आवळून धरतो. सैल सोडल्याशिवाय लघवी होत नाही. त्यांचं अर्धं दुखणं या पांघरुणाखाली असेल, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून त्यांना बाथरूमपर्यंत चालू द्या. सरळ पाठीवरून उठून बसायचं नाही, त्याने पोटावर ओढ बसते. आधी ऑपरेशन न झालेल्या कुशीवर, म्हणजे डाव्या कुशीवर, वळायचं. गुडघे वाकवून दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने गादी ढकलून अंग वर आणायचं. जोर हातांचा, पोटाचा नाही. मग दोन मिनिटं बसून राहायचं. इतके दिवस पडून राहिलेल्या माणसाला एकदम उभं राहिल्यावर गरगरतं. पहिल्या दिवशी शेजारी कुणीतरी उभं राहा, पण धरून ओढू नका. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, तर जखमेवर उशी किंवा तळहात दाबून धरायचा. वाकून चालू लागतील, सगळेच चालतात. ताठ चाला म्हणून सांग, वाकल्याने जास्त दुखतं. अंडकोशाला सूज असेल, निळसर डाग पडले असतील, तर घाबरू नका. ते बऱ्याचदा दिसतं आणि ओसरतं. जुन्या पद्धतीचा लंगोट किंवा घट्ट चड्डी घातली तर चालताना ओढ बसत नाही. सूज वाढत गेली, कडक झाली, तर दाखवा.

पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी घरातल्या घरात, मग ओसरीपर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दुखलं की थांबायचं, बसायचं, पुन्हा चालायचं. आठवड्याभरात भुईकोट किल्ल्याच्या बागेत सकाळचं ऊन घ्यायला नेता येईल, तिथे बसायला बाकं आहेत.

बाथरूममध्ये त्यांना एकटं सोडा. दार लोटून घ्या, पण कडी नको. नळ थोडा सुरू ठेवा, पाण्याचा आवाज खरंच उपयोगी पडतो. झाल्यावर लगेच बाहेर यायचं नाही. एक-दोन मिनिटं थांबून, जोर न करता, पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. पहिल्यांदा राहिलेली पुष्कळदा दुसऱ्यांदा येते. उभं राहून होत नसेल तर बसून करू दे. कुंथायचं मात्र नाही. लघवीसाठी नाही आणि शौचासाठी तर अजिबात नाही. रात्री बाथरूम लांब पडत असेल तर पॉट वापरा, पण पलंगाशेजारी उभं राहून, दिवा मंद करून, तोंड भिंतीकडे.

लागो वा न लागो, दिवसा दर तीन तासांनी जायला सांग. ‘लागल्यावर जातो’ यावर सध्या भरवसा नको. ताणलेल्या पिशवीची चाहूल उशिरा येते.

पाणी कमी पिणं हा त्यांनी स्वतःवर केलेला दुसरा अन्याय. लघवी घट्ट झाली की जळजळते, जंतुसंसर्ग होतो, आणि त्याने पुन्हा सारखी लागते. दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोट घोट, सारखं विभागून. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी सातनंतर कमी करा. एका दमात तांब्याभर पाणी मात्र नको, पिशवी एकदम भरते. चहा दोन कपांवर आणा.

शौचाचं हलक्यात घेऊ नका. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग लघवीच्या पिशवीला चिकटून असतो. तो खड्यांनी भरला की पिशवीचं तोंड दाबलं जातं. किती तरी पेशंटची लघवी एनिमा दिल्यावर मोकळी झालेली मी पाहिली आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी थोडे दिवस बाजूला ठेव. मऊ ज्वारीची भाकरी, पालेभाजीचं पातळ गरगट, ताक, पपई द्या. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल द्या, आणि त्यावर आणखी पेलाभर पाणी. त्यानेही उद्यापर्यंत झालं नाही, तर डॉक्टर पातळ औषध देतील. तुमच्याकडे भारतीय संडास असेल तर बसायला मनाई नाही. उठताना धरायला बाजूला स्टूल ठेवा. दुखत असेल तर भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते.

आणि बिडी. घरातच वळली जाते तेव्हा हे बोलणं सोपं नाही, आईच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, मला कळतं. पण खोकल्याचा प्रत्येक ठसका त्या जागेवर आतून धक्का मारतो. निदान जाळी पकडेपर्यंत, दोन महिने, ओढू नका म्हणून आईनेच सांगावं. तिचं ते ऐकतील.

आता वाट न बघता जायची वेळ कोणती, ते ऐक. सहा तासांत लघवी अजिबात झाली नाही आणि ओटीपोट फुगून दुखायला लागलं, तर रात्री दोन वाजले असले तरी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला न्या, सकाळची वाट बघू नका. थंडी वाजून ताप, लघवीत रक्त किंवा पू, जखमेतून घाण, उलट्या होऊन पोट फुगणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, एकदम धाप लागणं, यांतलं काहीही झालं तरी तसंच. रिक्षा मिळाली नाही तर 108 ला फोन करा.

राहिला गड्डा. यात्रेला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे तोवर ऑपरेशनला महिना होईल. नंदीध्वज यंदा नाही. इतकी उंच काठी तोलून चालताना सगळा जोर कमरेत आणि पोटात येतो, गर्दीत कुणाचा धक्का लागला तर सावरताना एकदम हिसका बसतो. रोजच्या हालचालीला बंदी नाही म्हणजे हेही चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. सरावालाही हात लावू देऊ नका. पुढच्या वर्षी सर्जन ‘हो’ म्हणाले तर अवश्य. अप्पांना वाईट वाटेल, त्यांच्या जागी मला पण वाटलं असतं. पण यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या अक्षता टाकायला मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी जाता येईल त्यांना, स्वतःच्या पायांनी. गर्दी व्हायच्या आत पोचा, कडेला, बाहेर पडायची वाट मोकळी असेल तिथे उभे राहा, आणि घरून निघताना लघवी करूनच निघा. जवळचं स्वच्छतागृह कुठे आहे ते तुझ्या भावाने आदल्या दिवशी बघून ठेवावं.

उद्या सोनोग्राफीचा आकडा आला की मला कळव.